सर अल्बर्ट हॉवर्ड आणि इंदूरचे खत

इंदूर हे नाव उच्चारताच आमच्या डोळ्यांपुढे राजवाडा उभा राहतो, देवी अहिल्याबाईंचे स्मरण होते, आणि खवय्या मंडळींना सराफ्यातली रात्रीची वर्दळ आठवते. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असेही पुष्कळ शेतकरी व बागवान होऊन गेले की, ज्यांना ह्यांपैकी कशाचाच पत्ता नव्हता. इंदूर म्हणजे खत करण्याची एक रीत, एवढेच त्यांना ठाऊक. केनियातील कॉफीच्या मळ्यांत आणि सिलोन व दुआर्सच्या चहाच्या बागांत हे नाव त्या एका कारणामुळे जाऊन पोचले. ज्या गृहस्थाने ते तेथवर नेले त्याचे चरित्र आमच्या वाचकांना फारसे परिचित नसावे, असे आम्हांस वाटते. म्हणून यंदाच्या अंकासाठी ते सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

अल्बर्ट हॉवर्ड ह्यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडातील श्रॉपशर परगण्यात बिशप्स कॅसल ह्या गावी झाला. घराणे शेतकऱ्याचे. त्यामुळे गुरांचा वास, ओल्या गवताचा स्पर्श आणि हंगामाची काळजी ह्या गोष्टी त्यांना पुस्तकातून शिकाव्या लागल्या नाहीत. पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये व नंतर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १८९६ साली निसर्गशास्त्रांच्या परीक्षेत ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शेतकीची पदविकाही मिळविली.

१८९९ साली ते वेस्ट इंडीज बेटांपैकी बार्बाडोस येथे गेले. ऊस व इतर पिकांवर पडणाऱ्या बुरशीच्या रोगांचा अभ्यास करणे हे त्यांचे काम होते. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहावी, तिचे वर्णन लिहावे, उपाय सुचवावा आणि तो शेतकऱ्याने करावा, असा तो क्रम होता. परंतु सुचविलेला उपाय स्वतः करून पाहावयाचा तर त्यांच्याजवळ एक वाफादेखील नव्हता. ज्याच्या हाती पीक नाही त्याने पिकाच्या रोगाविषयी सल्ला द्यावा ही गोष्ट ह्या शेतकऱ्याच्या मुलाला मनातून खटकू लागली. तेथून परत आल्यावर १९०३ ते १९०५ ह्या काळात केंट परगण्यातील वाय येथील शेतकी महाविद्यालयात त्यांनी हॉप नावाच्या वेलीवर काम केले. बागाईतदार मंडळी नरवेली काढून टाकून केवळ मादीवेली ठेवीत असत. परागीभवन झालेली वेल लवकर पक्व होते व किडीला अधिक दाद देत नाही, असे हॉवर्ड ह्यांना दिसून आले. सृष्टीचा क्रम मोडला की रोग शिरतो, हा जो विचार पुढे त्यांच्या सर्व लेखनात भरून राहिला, त्याचे बीज बहुधा येथेच पडले असावे.

१९०५ हे साल त्यांच्या आयुष्यात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. लॉर्ड कर्झन ह्यांच्या कारकीर्दीत बिहारमधील पुसा येथे शेतकी संशोधनाची मोठी संस्था उभी राहत होती. तेथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथाय ह्या विदुषीशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएलबाई केवळ पतीबरोबर हिंदुस्थानात आलेल्या गृहिणी नव्हत्या. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी तापमानाचा वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावर काय परिणाम होतो ह्याविषयी मोलाचे प्रयोग केले होते, आणि त्या प्रयोगांचे महत्त्व वनस्पतिशास्त्रात आजही मानले जाते. पुशाला त्या पतीच्या बरोबरीने शेतात व प्रयोगशाळेत राबत, आणि १९१३ साली सरकारने त्यांनाही अधिकृत पदावर नेमले. पुढची पंचवीस वर्षे जे लेख व ग्रंथ निघाले, त्यांपैकी बहुतेकांवर दोघांची नावे आहेत. हॉवर्ड ह्यांचे चरित्र लिहिणारे पुष्कळदा ही गोष्ट एका वाक्यात उरकतात. हे आम्हांस योग्य वाटत नाही.

पुसा येथे ह्या दांपत्याने गव्हावर केलेले काम सर्वश्रुत आहे. पुसा ४ व पुसा १२ ह्या त्यांच्या जाती दूरवर पसरल्या आणि हिंदुस्थानचा गहू दळण्यास व भाजण्यास हलका असतो ही समजूत त्यांनी खोटी ठरविली. उन्हाळ्यात ते क्वेट्ट्याला जात आणि तेथे फळबागांचे व थोड्या पाण्यावर गहू काढण्याचे प्रयोग करीत. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पुशाच्या आसपासच्या रयतेची शेते पाहताना हॉवर्ड ह्यांच्या ध्यानात आले की, औषधांचा एक थेंबही न फवारता ही पिके बऱ्याच अंशी निरोगी असतात. तेव्हा पदवीधर शास्त्रज्ञाने जे करावयाचे नसते ते त्यांनी केले. अडाणी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या त्या शेतकऱ्यांना व पिकावरील किडींना त्यांनी आपले गुरू केले. कीड पडली की ती मारण्यापूर्वी ती का पडली हे विचारावे, जमिनीत काय बिघडले ते शोधावे, असा त्यांनी नेम धरला. मुळांना हवा मिळते की नाही, पाण्याचा निचरा होतो की नाही, जमिनीत कुजलेला सेंद्रिय अंश किती आहे, ह्या तीन प्रश्नांकडे ते पुनःपुन्हा वळू लागले.

ह्याच काळातील बैलांची हकीकत त्यांनी पुढे अनेकदा सांगितली. आपल्या प्रयोगांसाठी त्यांनी स्वतंत्र बैल मागून घेतले, त्यांना उत्तम वैरण व स्वच्छ गोठा दिला, आणि लस मात्र टोचली नाही. शेजारी संस्थेचा मोठा गोठा होता व तेथे लाळ-खुरकताची साथ वारंवार येई. मध्ये एक ठेंगणे कुंपण. हॉवर्ड ह्यांचे बैल त्या कुंपणावरून आजारी जनावरांच्या नाकाला नाक लावीत, तरी त्यांना रोग झाला नाही. सुपीक जमिनीतला चारा खाणारे जनावर रोगाला बळी पडत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हकीकत मनोवेधक आहे ह्यात शंका नाही. तथापि मोजक्या बैलांवरून सर्व गुरांविषयी सिद्धांत बांधणे हे शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही, आणि कोणीही आपल्या गुरांना लस टोचण्याचे ह्या गोष्टीवरून टाळू नये.

पुशाला शास्त्राच्या निरनिराळ्या शाखांची निरनिराळी खाती होती. वनस्पतीचा मनुष्य एकीकडे, रसायनाचा दुसरीकडे, किडींचा तिसरीकडे. पीक मात्र शेतात एकच उभे असते! ह्या भिंतींना कंटाळून हॉवर्ड पतिपत्नींनी नव्या संस्थेची कल्पना मांडली. १९२१ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती कापूस समितीने पैसा दिला, माळव्यातील व राजपुतान्यातील संस्थानांनी हातभार लावला, आणि होळकर दरबाराने इंदूर शहरालगत सुमारे ३०० एकर जमीन दिली. १९२४ साली इंदूरची ही वनस्पती-संशोधन संस्था सुरू झाली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. कामगारांचे तास कमी करावे, मजुरी ठरल्या दिवशी चुकती करावी, राहावयास बऱ्या चाळी द्याव्या, हेही त्यांनी संस्थेच्या कामाचाच भाग मानले. त्या काळात असा विचार करणारे अधिकारी थोडे होते.

माळव्याची काळी जमीन आमच्या वाचकांना सांगावयास नकोच. पावसाळ्यात फुगून चिकट होते, पाणी धरून बसते, मुळांचा श्वास कोंडतो. उन्हाळ्यात तिलाच हात हात खोल भेगा पडतात. तिच्यात कापूस चांगला यावा म्हणून निचरा व बांधबंदिस्ती ह्यांकडे हॉवर्ड ह्यांनी प्रथम लक्ष दिले. पण जमिनीत सेंद्रिय अंश नसेल तर नुसत्या निचऱ्याने काय होणार? तो अंश आणावयाचा कोठून? शेण तर गोवऱ्या होऊन चुलीत जात होते. गोमूत्र गोठ्याच्या जमिनीत मुरून फुकट जात होते. पऱ्हाट्या, तुराट्या, धसकटे, तण हे सारे जाळले किंवा फेकले जात होते. जमिनीतून दरसाल काढून घ्यावयाचे आणि परत काही द्यावयाचे नाही, असा हा व्यवहार.

येथे थोडे मागे वळून पाहिले पाहिजे. १८४० साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग ह्यांनी, वनस्पती आपले खनिज अन्न जमिनीतून घेतात व ते भरून दिले पाहिजे, हे मत जोराने मांडले. त्यातून नत्र, स्फुरद व पालाश ह्यांच्या गोण्यांचा काळ आला. हॉवर्ड ह्यांना वाटे की, ह्या हिशेबात जमिनीतील जीवसृष्टीच गाळली गेली. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकन शास्त्रज्ञ किंग ह्यांच्या चीन, कोरिया व जपान येथील शेतीवरील पुस्तकाचा त्यांच्यावर मोठा परिणाम झाला. चिनी शेतकरी शेकडो वर्षे कचरा, मळी, राख व माती एकत्र कुजवून त्याच त्या जमिनीतून पिके काढीत आला, तर माळव्याला ते का साधू नये?

ह्या विचारातून जी पद्धत निघाली तिच्यात त्यांचे प्रमुख सहकारी होते यशवंत वाड. संस्थेच्या रसायन विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. १९३१ साली शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस करण्याविषयी जो ग्रंथ निघाला, त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड व वाड अशी दोन्ही नावे आहेत. कुजणाऱ्या ढिगात कर्ब किती, नत्र किती, आम्लता केव्हा वाढते, हे सारे मोजून ठरविल्याशिवाय ह्या पद्धतीला शास्त्राचे रूप आले नसते. जगाने मात्र हॉवर्ड हे एकच नाव लक्षात ठेवले.

आता ती पद्धत. संस्थेतील खड्डे ३० फूट लांब व १४ फूट रुंद असत, खोली मात्र दोनतीन फुटांचीच, कारण ह्याहून खोल गेले की तळाशी हवा पोचत नाही. पऱ्हाट्या व तुराट्या फार टणक. त्या संस्थेच्या रस्त्यांवर अंथरून ठेवीत, म्हणजे येत्याजात्या गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा आपोआप भुगा होई. (एवढ्या साध्या युक्तीला कोणी संशोधन म्हणणार नाही, पण आम्हांला तीच फार आवडते.) ओले तण आधी सुकवून घेत. निरनिराळ्या जातीचा काडीकचरा एकत्र करून तो गुरांच्या पायांखाली आथरी म्हणून घालीत, म्हणजे त्यात मूत्र व शेण मिसळे. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवीत. तीनचार महिन्यांनी ती मूत्र मुरलेली माती खणून काढावयाची व तेथे नवी भरावयाची. मग खड्ड्यात सुमारे सहा इंचांचा काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण व शेणाने माखलेली आथरी ह्यांचा पातळ थर, त्यावर ही मूत्रमाती व लाकडाची राख भुरभुरावयाची, पाणी शिंपडावयाचे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

राखेचे कारण समजून घेण्यासारखे आहे. काडीकचरा व शेण हे सेंद्रिय द्रव्य. राख व माती हे खनिज द्रव्य. कुजताना ढिगात आम्ल तयार होते, आणि आम्ल वाढले की कुजविणारे जंतू मंदावतात. राख त्या आम्लाचे निवारण करते, शिवाय पालाशही देते. राख नसेल तेथे चुनखडीची पूड चालते. म्हणजे हॉवर्ड खनिजांचे शत्रू होते असे जे मानले जाते ते बरोबर नाही. खनिज जमिनीत जावयाचे ते सेंद्रिय द्रव्याच्या सोबतीने, जंतूंच्या हातून जावे, असा त्यांचा आग्रह होता. आज ज्याला सेंद्रिय-खनिज खत म्हणतात, त्याचे मूळ तत्त्व इंदूरच्या ह्या खड्ड्यात स्पष्ट दिसते.

आरंभी ढिगात नत्राच्या सुमारे तेहतीस पट कर्ब असावा असे त्यांनी ठरविले. कर्ब फार असेल तर कुजणे रेंगाळते, नत्र फार असेल तर ते वायुरूपाने उडून जाते. थोड्याच दिवसांत ढीग तापतो; उष्णतामान ६५ अंश सेंटिग्रेडपर्यंत चढते, आणि तणांची बीजे व पुष्कळसे रोगजंतू त्यात नष्ट होतात. प्रथम पांढरी बुरशी सर्व ढीगभर पसरते, मागाहून जंतूंचे काम सुरू होते. ठरावीक अंतराने ढीग तीनदा उलथावयाचा, प्रत्येक वेळी ओलावा पाहावयाचा, आणि सुमारे ९० दिवसांत काळसर, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून ढीग जमिनीवरच रचीत. संस्थेच्या सुमारे ४० बैलांच्या आधारावर वर्षाला १००० गाड्यांच्या आसपास खत निघे. केवळ शेणाच्या उकिरड्यावर विसंबून राहिले असते तर इतके खत कधीच निघाले नसते.

वाचावयास हे सोपे वाटते. मागे एकदा शाळेच्या बागेमागे आम्ही असा खड्डा केला होता. उत्साहाच्या भरात मुलांनी त्यात घागरीमागून घागरी पाणी ओतले आणि वर पाचोळा गच्च तुडविला. आठ दिवसांत अशी दुर्गंधी सुटली की शेजारचा वर्ग दुसरीकडे हलवावा लागला. हवा कोंडली म्हणजे ढीग कुजत नाही, सडतो, हे हॉवर्ड ह्यांनी लिहून ठेवले होते. आम्ही ते वाचले नंतर. घाण व माश्या दिसल्या की ढीग उलथावा, असा त्यांचा दंडक होता. आम्ही उलथला, कोरडा पाला व राख मिसळली, आणि चार दिवसांत वास गेला.

१९३० साली गॅब्रिएलबाईंचे देहावसान झाले. पंचवीस वर्षांचे सहकार्य संपले आणि हॉवर्ड ह्यांचे इंदुरात मन लागेना. १९३१ साली निवृत्त होऊन ते स्वदेशी परतले. पुढे त्यांनी गॅब्रिएलबाईंची बहीण लुईझ हिच्याशी विवाह केला. तीही विद्वान होती व जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय श्रम कार्यालयात शेतीविषयक काम पाहत होती. १९३४ साली त्यांना सर हा किताब मिळाला.

इंदूरचे काम त्यांच्या मागेही चालू राहिले. वस्तीतील मैला व कचरा ह्यांपासून ह्याच रीतीने निर्धोक खत कसे करावे, ह्याविषयी जॅक्सन व वाड ह्यांनी १९३४ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी महात्मा गांधी इंदुरास आले तेव्हा ते मुद्दाम ही संस्था पाहावयास गेले आणि ह्या खताविषयी त्यांनी आपल्या पत्रातून देशाला माहिती दिली. ग्रामसफाई व अन्नवाढ ह्या दोन्ही प्रश्नांना एकाच खड्ड्यात उत्तर सापडत होते, ते त्यांना भावल्यास नवल नाही. बंगलोर येथे आचार्य ह्यांनी पुढे उलथण्याचे श्रम वाचविणारी निराळी पद्धत बसविली. ती बंगलोर पद्धत म्हणून ओळखली जाते.

निवृत्तीनंतरचे हॉवर्ड मात्र निराळे होते. १९४० साली त्यांचा शेतीचे जणू मृत्युपत्रच म्हणावे असा ग्रंथ निघाला, १९४५ साली आणखी एक निघाला. त्यांत ते कृत्रिम खतांवर, कारखानदारांवर आणि आपल्याच शास्त्रज्ञ बांधवांवर तुटून पडले. जंगलाला कोणी खत घालीत नाही, तेथे झाडे व प्राणी एकत्र नांदतात, पडलेले पान जमिनीला परत मिळते, आणि जंगल हजारो वर्षे टिकते. शेतीने हाच कित्ता गिरवावा, असे त्यांचे म्हणणे होते. ह्या लेखनातून इंग्लंडात लेडी ईव्ह बाल्फर ह्यांना व अमेरिकेत रोडेल ह्यांना प्रेरणा मिळाली. १९४६ साली इंग्लंडात सॉइल असोसिएशन स्थापन झाली. आजची सेंद्रिय शेतीची चळवळ हॉवर्ड ह्यांना आपले मूळपुरुष मानते.

त्यांचे सर्वच म्हणणे काळाने खरे ठरविले काय? नाही. इंग्लंडातील रॉथमस्टेड येथे १८४३ पासून गव्हाच्या एकाच शेतात काही वाफ्यांना केवळ रासायनिक खते व काहींना शेणखत मिळत आले आहे. रासायनिक खतांच्या वाफ्यांतील उत्पन्न हॉवर्ड म्हणत त्याप्रमाणे ढासळले नाही. शेणखताच्या वाफ्यांतील माती मात्र सेंद्रिय कर्बाने कितीतरी अधिक समृद्ध झाली. झाडांच्या मुळांशी नांदणाऱ्या बुरशीचे महत्त्व त्यांनी फार लवकर ओळखले होते, पण झाड ती बुरशी पचवून प्रथिने मिळविते ह्यावर त्यांनी दिलेला भर टिकला नाही. बुरशी मुख्यतः स्फुरद व पाणी आणून देते असे पुढे कळले. आपल्या देशात १९७० पासून निरनिराळ्या जमिनींवर चाललेल्या दीर्घकालीन खत-प्रयोगांतून असे दिसून आले की, नत्र, स्फुरद, पालाश ह्यांच्या जोडीला शेणखत दिल्यास उत्पन्न सर्वांत चांगले टिकते. नुसते नत्र देत राहिल्यास जमीन व पीक दोन्ही खालावतात. दोन्ही पक्षांतील अतिरेकी मंडळींना हे उत्तर रुचत नाही. शेजारच्या मोठ्या गोठ्यावर जेवढ्या कठोरपणे हॉवर्ड टीका करीत, तेवढ्या कठोरपणे त्यांनी आपल्या बैलांच्या गोष्टीकडे पाहिले असते तर त्यांचे विरोधक कमी झाले असते, असे आमचे मत आहे. पण शेतकऱ्याच्या उकिरड्याला प्रयोगशाळेच्या तोडीचा मान देणारा मनुष्य इतका मवाळ असता तर त्याने पुसा सोडून इंदूर गाठलेच नसते, हेही तितकेच खरे.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनमधील ब्लॅकहीथ येथे सर अल्बर्ट हॉवर्ड मरण पावले. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. लुईझबाईंनी १९५३ साली त्यांच्या हिंदुस्थानातील कार्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. इंदुरातील त्यांच्या संस्थेच्या जागेवर १९५९ साली कृषी महाविद्यालय सुरू झाले. वाढत्या शहराने त्या जमिनीला आता चोहोंकडून वेढले आहे.